तळघरातून आलेला मेल

हे माझ्यासमोर घडलेलं आहे. कोणाच्या मित्राच्या मित्राचं नाही. पटलं नाही तर सोडून द्या, मला आता कोणाची समजूत घालायची हौस उरलेली नाही.

सुट्टीचा दिवस होता. भर दुपार. बाहेर डोळे दिपतील असं ऊन, आणि मी एका संशोधन संस्थेच्या तळघरात, कॉम्प्युटरच्या खोलीत एकटा बसलो होतो.

त्याच खोलीत माझे भावोजी गेले होते.

भावोजी म्हणजे ताईचे यजमान. या संस्थेत कॉम्प्युटर सांभाळायचे. अशाच एका सुट्टीच्या दिवशी ते कामावर आले आणि परत घरी गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनला सापडले. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका.

संस्थेचे साहेब म्हणाले, "आम्ही बोलावलं नव्हतं. मशीन बंद होतं. ते तिथे काय करत होते, आम्हाला माहीत नाही."

एवढंच. हार घातला, दोन मिनिटं उभे राहिले आणि मोकळे झाले.

लोकांनी मग उरलेलं स्वतःच भरून काढलं. घरी पटत नसेल म्हणून जाऊन बसला असेल, असं ताईच्या तोंडावर बोलायला नातेवाईक कमी नव्हते. आणि खरंच त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. सुट्टीच्या दिवशी कसलं आलंय काम, म्हणून. ताई रागाच्या भरात म्हणाली होती, "मग तिकडेच राहा."

रात्री ते आले नाहीत तेव्हा रागानेच तिकडे थांबलेत असं समजून तिने चौकशीही केली नव्हती. आता ते वाक्य तिला खात होतं. ते खरंच कामाला गेले होते की आपल्या बोलण्याला कंटाळून, एवढं तिला कळायला हवं होतं. बाकी तिने कोणाकडे काही मागितलं नाही.

मी कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या कंपनीत आहे. त्या संस्थेचं काम आलं तेव्हा मी ते मुद्दाम मागून घेतलं. भावोजींचं अर्धवट राहिलेलं कामच होतं ते. मशीन मात्र नवं होतं. कार्डही नवं, मीच पाकीट फोडून बसवलेलं. भावोजींच्या वेळचं सगळं भंगारात गेलं होतं. हे लक्षात ठेवा.

कार्ड म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात बसवलेला दुसरा कॉम्प्युटर. आकडेमोडीत वाघ, पण बाहेरच्या जगाशी त्याचा थेट संबंध नाही. इंटरनेटची वायर मोठ्या मशीनला. कार्डाला बाहेर काही धाडायचं असेल तर मोठ्या मशीनने दार उघडायला हवं. आम्ही त्याला घरजावई म्हणतो. राहतो सासऱ्याकडे, खातो सासऱ्याचं, आणि सासरा म्हणेल तेव्हाच बाहेर पडतो.

हे दार उघडताना आमच्या धंद्यातला प्रत्येकजण एकदा तरी तीच चूक करतो. कार्डाला आणि मशीनला एका वाटेवर आणायच्या घाईत मशीनचीच लाइन तुटते. मग दोघंही आत कोंडलेले. पुन्हा सरळ करायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत बाहेर काही म्हणजे काही जात नाही.

मोबाइल तिथे गेटवरच जमा करून घेतात. म्हणून भावोजी रोज निघताना मशीनवरून ताईला एका ओळीचा मेल टाकायचे. 'निघतो.' की ताई कुकर लावायची; घर चालत दहा मिनिटांवर.

तर त्या दुपारी मी कार्ड चालू केलं.

खोलीत पंख्यांचा घोंगावणारा आवाज होता. बाजूच्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागेल इतका.

मी कार्डाला हाक दिली. म्हणजे, जागं आहेस का, एवढं विचारणारा निरोप. उत्तर आलं. ठीक.

मग कार्डाच्या आत शिरून सहज पाहिलं, की आत्ता इथे कोण कोण आहे. एकच नाव दिसायला हवं होतं. माझं.

दोन दिसली...

दुसरं नाव भावोजींचं होतं.

मी स्क्रीनच्या जवळ गेलो. नीट वाचलं. त्या कार्डावर हे नाव कोणी घातलेलंच नव्हतं. संस्थेने तर ते केव्हाच पुसून टाकलं होतं.

कोणीतरी चेष्टा करतंय असं मनाशी म्हणालो. मनाशी म्हणायला काय जातं?

तेवढ्यात लक्षात आलं... पंख्यांचा आवाज बंद झाला होता.

दिवे लुकलुकत होते. पाती फिरताना दिसत होती. पण आवाज नव्हता. माझी खुर्ची करकरली ती मात्र मला स्वच्छ ऐकू आली.

आणि मग कपाटांच्या मागून कोणीतरी घसा खाकरला.

भावोजी टाइप करायला बसण्याआधी तसेच खाकरायचे. ताई त्यावरून त्यांना चिडवायची, की भाषण करायला उभे राहताय की काय.

मी उठलो नाही. खोटं कशाला बोलू, मागे वळूनही पाहिलं नाही.

स्क्रीनवर ओळी सरकायला लागल्या होत्या. कार्डावरून काहीतरी बाहेर जायला बघत होतं. मोठं मशीन ते परतवून लावत होतं, कारण दार मी अजून उघडलं नव्हतं. थोडा वेळ शांत. पुन्हा तेच. पुन्हा परत.

पुन्हा...

एखाद्या बंद दारावर कोणी थकून थकून थाप मारावी, तसं. आणि दर वेळी मधला वेळ वाढत चालला होता.

ते काय आहे हे मला कळलं नव्हतं. पण आत कोणीतरी कोंडलं आहे आणि कडी माझ्या हातात आहे, एवढं कळलं. मी भराभरा टाइप केलं आणि दार उघडलं.

एक निरोप गेला.

ओळी थांबल्या. पंख्यांचा आवाज एकदम कानांवर आदळला. मी पुन्हा पाहिलं तेव्हा आत एकच नाव होतं. माझं.

थोड्या वेळाने सामान तिथेच टाकून मी जिना चढलो. वर गेटपाशी वॉचमन कोणाशी तरी हुज्जत घालत होता. सुट्टी आहे, आत सोडता येणार नाही, असं सांगत होता.

समोर ताई उभी होती. घरातल्याच चपला, हाताला पीठ. धावत आल्याने धाप लागलेली.

"त्यांनी बोलावलंय," ती म्हणाली. "मला खाली जाऊ दे."

तिने मोबाइल माझ्या हातात दिला. भावोजींच्या जुन्या पत्त्यावरून आलेला मेल. नेहमीच्या एका ओळीपेक्षा मोठा.

'बरं वाटत नाहीये. काम करताना मशीनची लाइन माझ्याच हातून तुटली, हे पोचेल की नाही माहीत नाही. साहेबांनी आजच संपवायला सांगितलंय, नाहीतर आलोच नसतो. गेटवर फोन करून कोणाला तरी खाली पाठव. रागावू नकोस.'

मी ताईला खाली नेलं नाही. तिथेच वॉचमनच्या खुर्चीत बसवलं. ती रडली नाही. ते कामालाच गेले होते तर, एवढंच म्हणाली. मला वाटलं, चला, निदान तिच्या मनावरचं ओझं उतरलं. किती मूर्ख होतो मी.

सुट्टी संपल्यावर मोबाइल घेऊन साहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी शांतपणे वाचलं. चष्मा काढून पुसला.

"तारीख त्या परवाच्या सुट्टीची आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी खाली तुम्हीच होतात ना?"

पुढे काही बोलायचं त्यांनी ठेवलंच नाही. बहिणीसाठी माणूस काय वाटेल ते करतो, मला समजतं, असं वर म्हणाले, आणि पाठीवर हात ठेवला. तो हात आठवला की अजून माझं डोकं फिरतं. आमच्या कंपनीला पत्र गेलं. ते काम माझ्याकडून काढून घेतलं. साहेबांचं काही वाकडं झालं नाही, आणि होणारही नाही.

मात्र कार्ड त्यांनी दुसऱ्याच दिवशी उपटून काढायला लावलं. खोटाच मेल होता तर एवढी घाई कशाला, हे त्यांना विचारणारं कोणी नाही.

ताईला मात्र त्या दिवसापासून वेगळंच लागलं. आधी फक्त एका वाक्याचं दुःख होतं. आता, त्यांनी हाक मारली आणि मी गेले नाही, हे. मी किती सांगितलं, की ती हाक तेव्हा तुझ्यापर्यंत आलीच नव्हती. ती मान हलवायची. मोबाइल हातातून खाली ठेवायची नाही, अंघोळीला जातानासुद्धा न्यायची.

परवा गेलो होतो तिच्याकडे. कपड्यांच्या घड्या घालत होती. विषय संपवावा म्हणून मी सांगून टाकलं, की ताई, ते कार्ड काढलंय. खोक्यात घालून परत पाठवलंय. आता ते कशालाच जोडलेलं नाही.

तिच्या हातातली घडी तशीच राहिली.

"मग आता कुठून पाठवतात ते?"

तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. भावोजींचे मेल होते. एकाखाली एक, रोजचा एक. सगळ्यात वरचा त्याच सकाळचा.

प्रत्येकात एकच ओळ होती.

'अजून कोणी आलं नाही.'

ती प्रत्येक मेलला उत्तर देते. निघालेय, एवढंच लिहिते. मी तिला एकटीला सोडायला घाबरतो, म्हणून सध्या तिच्याकडेच राहतोय.