सर्जेबंदरचं एक मत आणि गुरुदासचा नारळ

बदरुन्निसाने पिशवीतून नारळ काढला आणि सृष्टीच्या टेबलावर असा आपटला की कपातला चहा बशीत आला.

"ह्यो बघ. माझ्या परसातलो साधो नारळ. ह्येच्यात शिसा भरलेला आसा, असा अख्खो गाव म्हणता. फोड आणि बघ!"

सृष्टीने नारळ फोडला नाही. कानाशी धरून हलवला. आत पाणी खळखळलं.

"गाव असं का म्हणतोय, चाची?"

"कित्याक? नारळ लढवताना मी गुरुदासाक हरवलंय म्हणान!"

कुडाळच्या बाजारात बेकरीच्या वरच्या खोलीत सृष्टीचं 'खाजगी तपास' होतं. तपास बहुतेक स्थळांचेच. मुलगा खरंच इंजिनियर आहे का, मुलीच्या वयातली वर्षं कुठे गळाली, असले. कोपऱ्यातल्या खुर्चीत तिचे मामा, दत्तप्रसाद, पेपर वाचत बसत. मामा पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण त्यांचा संशय अजून नोकरीत होता. जन्मभर त्यांनी समोर पहिला दिसेल तो माणूस धरला. आत्ता समोर बदरुन्निसा होती.

"गुरुदासाक हरवलंस तू?" मामांनी डोळे बारीक केले. "तो किनाऱ्यार आजवर कोणाक हरलो नाय."

हकिगत अशी होती. किनाऱ्यावरच्या नगरपंचायतींचा एक महासंघ आहे. उद्या मुंबईत त्याची सभा, आणि सभेत दर गावाला एक मत. ते मत टाकायला गावाने आपला एक प्रतिनिधी निवडून पाठवायचा. महासंघ आग विझवायचा नवा बंब घेणार होता आणि तो कोणत्या गावात ठेवायचा, हे या मतांवर ठरणार होतं. गेल्या उन्हाळ्यात सर्जेबंदरला बदरुन्निसाच्या वाडीतल्या जाळी ठेवायच्या खोपी पेटल्या, तेव्हा बंब इतक्या लांबून आला की त्याने फक्त राख भिजवली. म्हणून तिला जायचं होतं. गुरुदासला जायचं होतं, कारण महासंघाचे अध्यक्ष त्याचे जिवलग दोस्त. निदान तो तसं सांगे, आणि रोज सांगे.

काल नगरपंचायतीच्या सभेत दोघांना सारखी मतं पडली. नगराध्यक्षा सावित्रीबाईंनी आपलं जादा मत द्यायला साफ नकार दिला. त्यांना दोघांच्याही वाडीतून पुन्हा निवडून यायचं होतं. त्या म्हणाल्या, चिठ्ठ्या टाकू. त्यावर गुरुदास उसळून म्हणाला, चिठ्ठ्या हा पोरांचा खेळ, नारळ लढवू. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली, त्यामुळे त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. एकाने आपला नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर हाणायचं. ज्याचा फुटेल तो हरला.

"आज मी धरलंय आणि तेणा हाणल्यान," बदरुन्निसा म्हणाली. "आवाज झालो तसे मी डोळे मिटलंय. माका वाटला, माझोच फुटलो. बघतंय तर तेच्या नारळाची दोन भकलां! लगेच तेची माणसां उठली. बदरून लबाडी केल्यान म्हणाक लागली. नगराध्यक्षीण म्हणता, संध्याकाळच्या गाडीच्या आधी भांडण मिटला नाय तर कोणच जावचो नाय. मत फुकट गेला तरी चलात."

तिने नारळ परत पिशवीत घातला.

"माका लबाड म्हणतत, ता मी सोसतलंय. पण बंब खंयच्या खंय गेलो आणि वाडीत परत आग लागली, तर काय करूचा गो?" तिचा आवाज कापरा झाला आणि त्याचा तिला स्वतःलाच राग आला. तिने पदराने नाक पुसलं.

सृष्टीने गाडीची किल्ली मामांच्या हातात दिली. "मामा, सर्जेबंदर."

*

नगरपंचायतीच्या सभागृहात फुटका नारळ टोपलीखाली झाकून ठेवला होता. शेजारी शिपाई बाळा स्टुलावर पहाऱ्याला बसला होता.

सृष्टीने दोन्ही भकलं उचलून उजेडात धरली. नारळाच्या डोळ्यांच्या खाली करवंटीवर काळा डाग होता.

"तापलेल्या खिळ्याचो डाग तो," बाळा म्हणाला. "गुरुदास आपल्या नारळाक करता. हो तेचोच. सकाळी चायच्या टपरेर पण होच होतो."

म्हणजे अदलाबदल झालेली नव्हती. सृष्टीने फुटलेल्या कडांवरून बोट फिरवलं. एका बाजूची कड स्वच्छ, ताजी होती. दुसऱ्या बाजूला मात्र करवंटीच्या जाडीत, पार खोबऱ्यापर्यंत, लाल रंग उतरला होता.

"रगात!" मामा ओरडले.

"कुंकू, मामा."

"मगे देवाचा काम आसा," म्हणून मामा दोन पावलं मागे सरले.

"बाळा, लढतीच्या आधी या नारळाला कोणकोण हात लावला?"

"कोण लावतलो? गुरुदास आपलो नारळ बायलेक सुद्धा देना नाय. सकाळपासून तेच्या पिशयेत, नायतर हातात. बदरूचाची तर मेजाच्या पलीकडे होती."

"आणि फुटला तेव्हा तू कुठे होतास?"

बाळाचा चेहरा पडला. "हयसरच, पेलो घेवन. फुटलेल्या नारळाचा पाणी आमच्या हापिसात शिपायाचा. पण कसला काय! थेंब पडलो नाय. मेज पुसूक आणलेलो फडको पण कोरोच रवलो."

*

सावित्रीबाई आपल्या केबिनमध्ये प्रमाण मराठीतच बोलत.

"हे पाहा, नगरपंचायतीची प्रतिष्ठा पणाला लागली आहे."

"नारळाला कुंकू तुम्ही लावलंत का?"

"मीच लावणार होते. ताट घेऊन उभी होते, फोटोवालाही तयार होता. पण ह्या बाबान..." इथे प्रमाण मराठी संपलं. "ह्या बाबान नारळ छातीशी धरल्यान आणि म्हणता, घरच्या देवाचा कुंकू लावन आणलंय. केवढा ता कुंकू! पट्टोच्या पट्टो ओढलेलो! एरवी कुंकू लाव म्हटला तर हसता. नारळ लढवूचो आसा, पुजूचो नाय, म्हणता."

"सकाळी तो खुशीत होता?"

"सकाळी? टपरेर धा जणांच्या कानाक नारळ लावन आतलो खळखळाट आयकवी होतो. मगे मी खुशखबर दिलंय, तेव्हा आनंदान गप्पच झालो."

"कसली खुशखबर?"

सावित्रीबाईंचा चेहरा फुलला. "गुरुदास जिंकलो तर आमी सगळे तेच्यावांगडा म्हंबईक जातलो! टेम्पो ठरवलंय. महासंघाचो अध्यक्ष तेचो येवढो दोस्त, म्हणजे आमका बंगल्यार जेवूक बोलवल्याशिवाय रवात? मी साडयेक इस्त्री करून ठेवलंय."

"आणि चाची जिंकल्या तर?"

"ती जाईत रेल्वेन. तिच्यावांगडा जावन आमी काय करू?"

*

गुरुदास बाहेरच्या बाकावर बसला होता. धिप्पाड, मिशा पिळलेल्या, खांद्यावर कापडी पिशवी. भोवती त्याची माणसं तावातावाने बोलत होती. तो मात्र एका हाताने डावी कूस खाजवत गप्प होता.

"तुमचा संशय कोणावर आहे?" सृष्टीने विचारलं.

"मी कोणाचा नाव घेवक नाय."

"मग दुसरा नारळ घ्या आणि पुन्हा लढवा. पाच मिनिटांत निकाल लागेल."

"नको!" तो इतक्या जोरात म्हणाला की मामा दचकले. "झाला ता झाला. नशीब एकेकाचा." त्याने पिशवी डाव्या खांद्यावरून काढून उजव्यावर घेतली.

"बरं, तुमच्या दोस्तांना फोन तरी करा. अध्यक्षच आहेत. गावात भांडण झालंय, मताचं जरा सांभाळून घ्या म्हणावं."

"आता नको. ह्या टायमाक तो निजता."

"ऐन सभेच्या आदल्या दिवशी?"

"मोठी माणसां ती. कधीव निजतत." गुरुदासने मान फिरवली आणि आता उजवी कूस खाजवायला लागला.

मामांनी सृष्टीला बाजूला ओढलं. "लांब बस गो. खरूज आसा तेका. आणि ती खरूज फिरता, बघलंस?"

"बघितलं," सृष्टी म्हणाली. "मामा, सगळ्यांना सभागृहात बोलवा."

*

सभागृह भरलं. बदरुन्निसा एका टोकाला उभी होती, बसली नाही. सृष्टी बोलायच्या आधीच मामा पुढे झाले.

"गुन्हो उघड आसा," त्यांनी पोलिसी आवाजात सांगितलं. "बदरुन्निसाच्या हातात चांदीचा जाडजूड कडा आसा. नारळ कड्यार आपटलो आणि फुटलो."

सभेत खळबळ उडाली. बदरुन्निसाने हात पुढे केला. कडं मनगटात असं रुतून बसलं होतं की तिथून पुढे सरकणं शक्यच नव्हतं.

"मामा, बसा," सृष्टी म्हणाली. मामा बसले.

"सकाळी हा नारळ सगळ्यांनी कानाने ऐकला. आत पाणी होतं. लढतीत फुटला, तेव्हा मात्र एक थेंबही पडला नाही. बाळाचा पेला कोरडा राहिला. नारळ तोच, डाग तोच. मग पाणी गेलं कुठे?"

सृष्टीने दोन्ही भकलं टेबलावर ठेवली.

"नारळ लढतीच्या आधीच तडकला होता. म्हणून एका घावात फुटला. चाचींच्या नारळात शिसं असतं काय आणि लोणी असतं काय, तो फुटणारच होता."

"लढतीतच तडकलो नाय कशावरना?" मागून कुणीतरी ओरडलं.

सृष्टीने भकल उंच धरलं. "ही कड बघा. कुंकू करवंटीच्या आत उतरलंय. अखंड नारळाला कुंकू लावलं, तर ते वरच राहतं. आत जायला आधी भेग लागते. म्हणजे पहिल्यांदा भेग पडली आणि मग ती झाकायला कुंकू आलं. ते कुंकू कुणी लावलं, हे सावित्रीबाईंना माहीत आहे."

सावित्रीबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"गुरुदासभाऊ, ती पिशवी जरा टेबलावर ठेवता?"

गुरुदास जागचा हलला नाही. मामांनीच पिशवी उचलली आणि "आयो!" म्हणून सोडून दिली. पिशवीच्या तळाशी ओला डाग होता, आणि त्यावर लाल मुंग्यांची जत्रा भरली होती.

"ही तुमची फिरती खरूज, मामा. पिशवी डाव्या खांद्यावर असली की डावीकडे चावते, उजव्यावर गेली की उजवीकडे. गोड पाणी पिशवीत गळलं, मुंग्या मागोमाग आल्या."

"पण आपलोच नारळ कोण फोडीत?" बाळाला राहवलं नाही.

"ज्याला हरायचंय तो. जो माणूस फसवला गेलाय, तो पुन्हा लढू म्हणून गळा काढतो. हे म्हणाले, नको. काल यांनीच हौसेने नारळ लढवायचं काढलं, आणि आज सकाळी टपरीवरही ते खुशीत होते. मध्ये एकच गोष्ट घडली. सावित्रीबाईंनी टेम्पो ठरवला."

आता सगळी सभा गुरुदासकडे वळली. सृष्टीचा आवाज खाली आला, पण धार गेली नाही. "हरायचं होतं, ते ठीक. पण तुम्ही गप्प बसलात आणि शेजारणीला गावाने लबाड म्हटलं. ते कुठल्या कुंकवाने झाकणार?"

गुरुदासच्या मिशा एकदम सैल पडल्यासारख्या दिसल्या.

"मागच्या दारच्या पायरेर आपटलंय मी," तो म्हणाला. "दुसरो नारळ घेतलंय असतंय तर डागावरना कळला असता. आणि हळू मारूचा म्हटला तर ह्या हाताक जमना नाय. तो अध्यक्ष माझो दोस्त नाय. एकदा म्हंबईत लिफ्टीत गावलो. तेणा विचारल्यान, 'कितवा मजला?' मी म्हटलंय, 'चौथा.' इतकीच वळख."

पहिल्यांदा सावित्रीबाई हसल्या, आणि मग सभागृह असं खदखदलं की छपराखालची कबुतरं उडाली. बोलाचाच भात, बोलाचीच कढी, आणि गाव टेम्पो करून जेवायला निघालं होतं! एकटी बदरुन्निसा हसली नाही. ती गुरुदाससमोर जाऊन उभी राहिली.

"तू माका आधी सांगलं असतंस तर मी कोणाक सांगलंय असतंय?"

"नाय," गुरुदास पुटपुटला. "चुकलो गो, बदरू."

"चुकलंस तर चुकलंस. आता नारळ घे."

"कित्याक? तूच जातलंस. मी माघार घेतंय."

"तडकलेलो नारळ फोडून मी सर्जेबंदराचा मत घेवन जावचंय नाय. उद्या हीच माणसां म्हणतली, बदरूक फुकट गावला. घे म्हणतंय ना!"

"अगे, मी जिंकलंय तर?" गुरुदास कळवळला.

"तर तू जा. चौथ्या मजल्यार."

सावित्रीबाईंच्या ताटात दोन नारळ होते. बदरुन्निसाने न बघता त्यातला एक उचलला आणि मुठीत धरला. गुरुदासने दुसरा घेतला. त्याला हरायचं होतं, हे सभेला दिसत होतं. पण नारळ तळहातात बसला आणि त्याचे खांदे आपोआप रुंद झाले. डोळे बारीक झाले. इतक्या वर्षांची खोड एका दुपारी जात नाही. त्याने हात मागे नेला आणि जीव खाऊन हाणला.

पाणी उडालं ते थेट मामांच्या चष्म्यावर. चष्मा पुसून मामांनी पाहिलं, तर बदरुन्निसाच्या मुठीत अख्खा नारळ होता आणि गुरुदासच्या हातातून खोबऱ्याचे तुकडे गळत होते.

सावित्रीबाईंनी तिथल्या तिथे निवड जाहीर केली. बदरुन्निसा डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि पिशवी उचलून सरळ सृष्टीच्या गाडीत जाऊन बसली. कुडाळहून सुटणारी रेल्वे गाठायची होती.

गुरुदास मात्र अजून हातातल्या तुकड्यांकडे बघत होता. त्याची सुटका झाली होती. मत देणारं माणूस जात होतं, टेम्पो रद्द झाला होता. त्याने खरं तर नारळ वाढवायला हवा होता. पण त्याचा चेहरा लालबुंद होत गेला.

"ह्यो खरोच फुटलो!" तो ओरडला. "बदरू, थांब! परत एकदा!"

मामांनी गाडी सुरू केली तेव्हा तो नवा नारळ घेऊन मागून धावत येत होता. बदरुन्निसाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आधी बंब आणतंय, गुरू! मगे तुका बघतंय!"

"एकच घाव गो! एकच!" गुरुदास ओरडत राहिला. मामांनी गाडीचा वेग वाढवला.