सात क्रमांकाचा परतकाळ

श्वास घ्या. सोडा. थांबा.

जेलीच्या बारा बाटल्या. प्रत्येकीच्या बुचावर मार्करने लिहिलेला आकडा.

चुंबककक्षाच्या दारावर चिठ्ठी: ‘किल्ल्या, मंगळसूत्र, केसांच्या पिना बाहेर.’

मंगळयान ‘सारंग’. प्रवासी चार, त्यांत डॉक्टर एक. एकतीस महिने.

१३१२.

दुपारचे अडीच वाजले होते. चार वाजता ‘सारंग’वरच्या हृदयचित्रकात एकच मापनपद्धत कायमची भरली जाणार होती. अंतराळातल्या प्रारणाने कुणाच्या हृदयस्नायूत तंतू वाढू लागले, तर ते त्या यंत्राने ओळखायचं होतं. उलटवणी की शून्यारंभ, या दोन पद्धतींतली एक ठरवायची होती डॉ. वैदेही घैसास यांनी. नऊ दिवसांनी यानाबरोबर डॉक्टर म्हणून जाणार होत्या त्याच.

“उलटवणी,” त्या म्हणाल्या. “दहा निरोगी स्वयंसेवक, दहांचे आकडे जवळजवळ एकसारखे. तुझ्या शून्यारंभाचे बघ, मूठभर शेंगदाणे फेकल्यासारखे.”

“एकसारखे म्हणजे खरे नव्हेत, मॅडम,” केंद्राचे भौतिकशास्त्रज्ञ इकबाल मुजावर म्हणाले. “घड्याळ रोज दहा मिनिटं मागे असलं तर...”

“तर मी दहा मिळवीन. मला शिकवतोस?”

“दहाच असतील तर मिळवा. इथे ते नाडीवर ठरतं. चुंबकात हायड्रोजनचे केंद्रक रांगेत उभे राहतात. लहरीचा धक्का दिला की रांग मोडते. पुन्हा जुळायला लागतो तो परतकाळ. स्नायूत तंतू माजले की तो लांबतो. उलटवणीत आपण रांग उलटी करतो, हृदयाचे काही ठोके फोटो घेतो आणि ठोके मोजूनच पुढचा धक्का देतो. नाडी जलद असली तर रांग पुरती जुळायच्या आत तो बसतो. आकडा आखूड येतो. शून्यारंभात प्रत्येक फोटोआधी रांग पुसून टाकतो. मागचं काही उरत नाही.”

“सिग्नलमधली खरखर उरते, म्हणून तर आकडे विखुरतात.”

“उरते,” इकबालनी मान्य केलं.

“मग हा सात क्रमांक बघ. परतकाळ उलटवणीत ९८१ मिलिसेकंद, शून्यारंभात १३१२. बाकीचे नऊ तिथे ११७०च्या आसपास. ही खरखर नाही तर काय? सात तरी काढून टाक, नाहीतर पद्धत तरी.”

“सातची नाडी त्या दिवशी १०४ होती.”

डॉ. घैसास यांनी पेन टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, “सोपं आहे मग. सातला बोलव. शांत पडून राहू दे, नाडी सत्तरच्या खाली आली की उलटवणीच पुन्हा घे. ९८१च राहिला तर खरखर. वाढला तर...”

“तर सातच्या हृदयात तंतू आहेत.”

“बोलव.”

इकबाल जागचे हलले नाहीत. “बोलवायला नको, मॅडम. माणसं मिळेनात म्हणून आपण केंद्रातलेच दहा जण घेतले होते, तुम्हीही त्यांत. नावांची यादी फक्त माझ्याकडे आहे. आणि प्रवासासाठी तुम्हाला तंदुरुस्त ठरवलं तेही त्याच दिवशीच्या उलटवणीवर.”

डॉ. घैसास यांनी त्यांच्याकडे बघितलं.

“नऊ वर्षं तयारी केलीय मी.”

“ठाऊक आहे. तुम्ही ‘काढून टाक’ म्हणालात तेव्हा मी जवळजवळ हो म्हणालो होतो.”

त्यांनी केसांतल्या पिना एकेक करून ट्रेमध्ये ठेवल्या.

वीस मिनिटांनी काचेपलीकडे नाडी ६६ दिसू लागली. इकबालनी माइकचं बटण दाबलं. “श्वास घ्या. सोडा. थांबा.”

मग चुंबकाची ठकठक. मग ती थांबली.

“किती?” आतून आवाज आला.

“एकदा ठाऊक आकड्यांच्या जेलीच्या बाटल्यांवर यंत्र तपासून घेतो...”

“किती, इकबाल?”

“एक हजार त्र्याऐंशी.”

उलटवणीत निरोगी हृदयाची कमाल मर्यादा १०२० होती.

चारला दहा कमी असताना डॉ. घैसास यांनी पद्धतीच्या रकान्यात ‘शून्यारंभ’ लिहून सही केली. त्याखालच्या रकान्यात यानाच्या डॉक्टरचं नाव छापलेलं होतं. ते त्यांनी स्वतःच खोडलं आणि वर राखीव डॉक्टरचं लिहिलं, सुवाच्य अक्षरात.

चौदा मार्चला, स्वयंसेवकांच्या मापनाच्या दिवशी, केंद्राची लिफ्ट बंद होती आणि डॉ. घैसास विसरलेलं संमतिपत्र आणायला पाच मजले जिन्याने चढून जाऊन तशाच धापा टाकत चुंबकात शिरल्या होत्या.