हुकलेली गोळी

ती गेल्याचं कळलं तेव्हा त्याचे दोन्ही हात शाईत होते. मेव्हणा हॉस्पिटलातून थेट छापखान्यात आला आणि दारातच थबकला. "दाजी, हात धुऊन घ्या," एवढंच म्हणाला. तेलाची शाई ती, साबणाला कुठली दाद देणार? बायकोचं शेवटचं दर्शन घेतानाही नखांत काळं होतंच.

हातातलं काम तसंच पडून राहिलं. संग्रहालयाने प्रती काढायला पाठवलेला तांब्याचा जुना पत्रा होता तो. त्यावर कोरलेलं चित्र असं: राजाची बग्गी चौकात आली आहे, गर्दीतल्या एकाने पिस्तूल झाडलं आहे, नळीच्या तोंडाशी धूर आहे, राजा खाली वाकून वाचला आहे. गर्दीच्या कडेला एक बाई पाठमोरी उभी.

अशा पत्र्यावर आधी शाई चोळायची, मग कापडाने पुसायची आणि शेवटचा हात उघड्या तळव्याने फिरवायचा. तळव्याचं काम तिचं, यंत्राचं चाक फिरवायचं त्याचं. "तुमच्या घामट हाताने राजाला गोवर उठेल," असं म्हणून ती त्याला पत्र्याला हात लावू देत नसे. आजारी पडायच्या आधी हाच पत्रा पुसताना तिने विचारलं होतं, "राजा वाचला, पण गोळी गेली कुठे हो? समोर एवढी माणसं उभी आहेत."

"तू पत्रा पूस," तो म्हणाला होता.

दिवसकार्य उरकल्यावर काही आठवड्यांनी तो कामाला लागला. तळवाही आता त्यालाच फिरवायचा होता. त्याच्या हातची पहिली प्रत निघाली. पाठमोऱ्या बाईच्या गालाची कड दिसत होती. पुसण्यात कसर राहिली असेल, असं त्याला वाटलं. भिंग घेऊन त्याने पत्रा तपासला. पत्र्यावर बाई पूर्ण पाठमोरीच होती.

दुसऱ्या प्रतीत तिचा हात वर आला होता. मनगटाच्या मागच्या बाजूने ती कपाळावरचे केस सारत होती. तळवा काळा होता.

तो स्टुलावर बसून राहिला.

दुपारी मेव्हणा डबा घेऊन आला. त्याने प्रत उजेडात धरली. "ताई केस अशीच सारायची," तो म्हणाला आणि लगेच सावरला, "तुम्ही जेवत नाही वेळेवर. अंधारी येते अशाने."

"तुलाही आली का मग?"

मेव्हण्याने डबा उघडला. पण जेवलं कुणीच नाही.

तिसरी प्रत त्याने मेव्हण्यासमोरच काढली. कान, हनुवटी, ओठाचा कोपरा. अर्धा चेहरा वळला होता. ते पाहून तो हसला, कितीतरी दिवसांनी. घरात तिचे फोटो होते, पण सगळे लग्नकार्यातले, कुणीतरी 'हसा' म्हटल्यावर हसलेले. काम करतानाचा चेहरा कुणी टिपला नव्हता. त्यानेही नाही. आणखी एक प्रत काढली की तो चेहरा पुरता दिसणार होता.

त्याने तिन्ही प्रती दोरीवर ओळीने लावल्या. मेव्हणा बराच वेळ त्यांच्यासमोर उभा होता.

"दाजी, ताईकडेच काय बघताय? पिस्तूल बघा."

पहिल्या प्रतीत नळी राजावर होती. दुसरीत ती बग्गीच्या पुढे, घोड्यांवर सरकली होती.

तिसरीत नळी गर्दीच्या कडेला वळली होती. राजा वाकलेला नव्हता. तो निवांत टेकून बसला होता.

"पुढची काढू नका," मेव्हणा म्हणाला.

"चेहरा दिसेल रे तिचा."

"म्हणूनच म्हणतोय."

मेव्हणा गेल्यावर त्याने पत्र्यावर शाई चोळली. कापडाने पुसली. तळवा फिरवला. ओलसर कागद अंथरून त्यावर लोकरीचं कापड टाकलं आणि चाकाला हात घातला.

तेवढ्यात त्याची नजर दोरीकडे गेली. तिसऱ्या प्रतीत नळीच्या तोंडाशी धूर नव्हता. गोळी अजून सुटायची होती.

त्याने हात काढून घेतला.

कागद पत्र्यावर तसाच आहे, आता वाळून कडक झालेला. चौथी प्रत अजून काढायची राहिली आहे.