शेळ्यांनी चघळलेलं बी

"अजून एकही कोंब नाही!" वरदनं झारी आपटली. "सुट्टीला आलोय की पाणी वाहायला?"

"गुमान वाहा," मामेभाऊ शिवम म्हणाला. "म्या तर रोजच वाहून राहिलो!"

वरद आणि त्याची बहीण अपूर्वा लातूरहून अहमदपूरजवळच्या मामाच्या गावी आले होते. शिल्पामामी तिथं बाभळीची रोपं तयार करून विकायची. बांधावर लावायला आसपासचे शेतकरी तिच्याकडूनच रोपं न्यायचे. यंदा मात्र पिशव्यांत नुसती माती! हापशावरून घागरी आणून आणून मामीचे खांदे भरून आले होते.

"यंदा न्हाई उगवलं तर बंदच करते हे," म्हणत ती तिथंच मातीत बसली. "लई दमले, पोरांनो."

मामी अशी कधी बसत नसे. तिघांनाही फार वाईट वाटलं.

"उंदरांनी बी खाल्लं असेल!" वरदनं तर्क लढवला. दुपारी मोठी माणसं लवंडल्यावर त्यांनी एक पिशवी उकरली. बी होतं तसंच! टणक, स्वच्छ, चकचकीत.

"इतकं साफ?" शिवम चपापला. "आई तर शेळ्यांच्या गोठ्यातलं बी लावती. शेळ्या शेंगा खात्यात अन् रवंथ करताना बी थुंकत्यात. तसं चघळलेलं बीच लवकर उगवतंय."

"मग हे कुणी लावलं?"

"बाबांनी! आई तवा माहेरी गेलती."

"आणि गोठ्यातलं बी?" अपूर्वा ताडकन उठली.

तिघं उकिरड्याकडे पळाले. तिथं सांडपाण्याच्या कडेला बाभळीचे हिरवेगार कोंब! मामांनी गोठ्यातलं बी इथंच फेकून दिलं होतं. चोर सापडला होता, आणि तो ओसरीवर घोरत होता.

"मामीला सांगू या!"

"नगं! बाबा कबूल व्हायचे न्हाईत. म्हणतील, पोरांना काय कळतंय!"

मग रोज दुपारी, घामानं निथळत, तिघांनी उकिरड्यातलं बी वेचून मागच्या ओळीतल्या पिशव्यांत लावलं. पाठी मोडून आल्या, भांडणंही झाली. पण एका सकाळी ती ओळ हिरवी झाली!

बजरंगमामा छाती फुगवून आले. "अगं, बघ! मी शेंगा फोडून निवडलेलं बी हाय हे! तुझ्या गोठ्यातली घाण न्हाई!"

मामी गर्रकन वळली. "म्हंजे? तुमी गोठ्यातलं बी लावलंच न्हाई?"

मामांनी जीभ चावली. पण बाण सुटला होता!

"मामा, ही ओळ आमची आहे," वरद म्हणाला. "उकिरड्यातल्या बियांची! तुमच्या ओळी अजून झोपल्यात!"

"लेंड्यांतलं बी म्हणून गिऱ्हाईक हसायचं गं..." मामा पुटपुटले. मग त्यांनी मान खाली घातली. "पोरं हुशार निघाली. चुकलं माझं."

मामीला रागवायचंही त्राण नव्हतं. तिनं तिघांना जवळ ओढलं. तिचे डोळे भरून आले.

"शाबास रे माझ्या वाघांनो! मला वाटून राहिलं होतं, माझ्याच हाताचा गुण गेला."

मग तिनं खोचलेला पदर सोडला आणि ती ओसरीकडे निघाली. "मी जरा निजते. बाकीच्या पिशव्या ह्यांच्याकडून लावून घ्या!"