कमरेची किल्ली

काजळगडाच्या माचीवर अजून तांबडे फुटायचे होते. खाली आंबेनाळेत धुके साचले होते, आणि त्या धुक्यातून मिठाच्या गोण्या लादलेल्या बैलांच्या घुंगरांचा नाद वर येत होता. महादरवाजाच्या आतल्या अंगाला सरनोबत सुभानजी उभे होते. ज्या दारातून ते जन्मभर आले-गेले, त्या दाराच्या किल्लीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. काजळगडच्या कोणत्याच माणसाने लावला नव्हता.

घाटमाथ्यावरच्या पाच गडांनी आजोबांच्या काळी भवानीपुढे बेलभंडार उचलून एकोपा केला होता. लोक त्याला पाचगडी म्हणत. पाचांची जकात एकाच नाक्यावर, मिठाला भाव एकच, आणि एका गडावर धूर निघाला की उरलेल्या चारांवर धूर निघायचाच. पण या एकोप्याचा खिळा निराळाच होता. कोणत्याही गडाचा महादरवाजा त्या गडाच्या माणसांनी राखायचा नाही. काजळगडाच्या दारावर धवळगडाची शिबंदी, धवळगडाच्या दारावर तिसऱ्याची. घरभेद्याने आतून दार उघडू नये, म्हणून किल्लीच शेजाऱ्याच्या हाती. सध्या ती किल्ली धवळगडच्या कावजी जुमलेदाराकडे होती, आणि कावजी हा सुभानजींचा जावई.

त्या दिवशी गोतसभा होती. पाचगडीत राहायचे की निघायचे, याचा निवाडा व्हायचा होता.

गाऱ्हाणी खोटी नव्हती. नाका काजळगडच्या पायथ्याशी, पण जकातीत वाटा पाचवाच. दुष्काळाच्या साली मिठाचा भाव चौघांनी ठरवला, काजळगडाला विचारलेही नाही. दारावरचे धवळगडी म्हाताऱ्या बायकांच्या पाट्याही उपसून पाहत. सुभानजींनी स्वतः याचा राग पुष्कळदा गिळला होता. तरुण हणगोजी देशमुखांनी तो राग गिळला नाही, पेरला. हुरड्याला, लग्नाला, पारावर ते एकच वाक्य बोलत: आपल्या दाराची किल्ली आपल्या कमरेला. पोरीबाळी दळताना ते वाक्य म्हणू लागल्या, तेव्हाच सुभानजींना कळले होते की आता वाद घालण्यात अर्थ नाही. तरी ते सभेत उठले.

त्यांनी सांगितले की सलोखा मोडणे म्हणजे किल्ली नुसती घेणे नव्हे, चार धूर विझवणे आहे. मैदानात पातशाही सुभेदार गवत-दाणा साठवतो आहे, तो कोणाची वाट पाहतो? भाव ठरवताना भांडू, वाट्यासाठी भांडू, पण आत बसून भांडू.

हणगोजी हसले. "सरनोबतांची लेक दारातच नांदते. त्यांना दार परके कसे वाटावे?"

सभा खदखदली. मागून कोणीतरी जावयाच्या घरच्या श्रीखंडाची चौकशी केली. सुभानजींनी हशा ओसरू दिला.

"जावई माझा आहे, देशमुख, हे खरेच," ते म्हणाले. "म्हणून मला ठाऊक आहे. दिवेलागणीनंतर तो माझ्यासाठीही दार उघडीत नाही. तुम्ही तुमच्या जावयाला बसवाल, तेव्हा तो तुम्हाला नाही म्हणेल काय?"

 पण पटवण्याची वेळ निघून गेली होती. रिवाजाप्रमाणे घराघराचा कर्ता देवळासमोरच्या दीपमाळेच्या दोन अंगांना उभा राहिला. उगवतीला राहणारे, मावळतीला निघणारे. सुभानजींचा धाकटा भाऊ नागोजी बराच वेळ मधे घुटमळला, मग मान खाली घालून मावळतीला गेला. मावळतीकडची गर्दी थोडीच जास्त भरली. थोडीच, पण भरली.

दुसऱ्या दिवशी कावजीने शिबंदी उतरवली आणि किल्ली उंबऱ्याच्या दगडावर ठेवली. हणगोजींनी ती उचलून सर्वांदेखत सुभानजींच्या कमरेला बांधली. विरोध करणाऱ्यालाच मान दिला, केवढे थोर मन, असे लोक म्हणाले. हणगोजींच्या मनात एवढेच होते, की उद्या काही विपरीत घडले तर नाव घ्यायला एक माणूस तयार असावा.

सुभानजींची लेक गोदाऊ नवऱ्यामागून निघाली. ती रडली नाही. दाराच्या बाहेर पाऊल टाकून वळली आणि म्हणाली, "आबा, आता माहेरी यायला कोणाची परवानगी काढायची?"

सुभानजी आत वळले. कमरेची किल्ली चालताना मांडीला लागत होती.

हिवाळा सरताना सुभेदाराची फौज आंबेनाळेत उतरली. भर दुपारी हणगोजी महादरवाजाशी आले. मागे त्यांचे खासे लोक होते. सुभेदार दोस्तीने आला आहे, आता आपण कोणाचे बांधील नाही, मुक्कामापुरते दार उघडावे, असे त्यांनी शांतपणे सांगितले. त्यांच्या अंगावर नवा जरीचा शेला होता. काजळगडच्या पेठेत तसला शेला मिळत नव्हता.

सुभानजी त्या शेल्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सुभेदाराने काय कबूल केले, नाक्याची सगळी जकात? की पाचही गडांची देशमुखी?"

"किल्ली द्या, सरनोबत."

"आपल्या दाराची किल्ली आपल्या कमरेला, हे शब्द आपले. मला ते पटले नव्हते. पण गावाने दीपमाळेपाशी कौल दिला आणि मी त्यापुढे मान तुकवली. आज आपण तो मोडता. मी मोडणार नाही."

त्यांनी बुरुजावरच्या ओल्या गवताला आधीच कोलीत लावायला सांगितले होते. काजळगडावर धूर चढला. सगळ्यांचे डोळे धवळगडाकडे लागले. समोरचा बुरुज उन्हात स्वच्छ दिसत होता, आणि त्यावर काही नव्हते.

"पाहिलेत? सरनोबत जावयाची वाट बघतात," हणगोजी आपल्या लोकांना म्हणाले. दारावर नागोजी भाला घेऊन उभा होता. देशमुखांनी त्याच्याकडे नुसते पाहिले, आणि नागोजीने भाला भिंतीला टेकवला.

तेव्हा सुभानजींनी कमरेची किल्ली सोडली आणि दाराजवळच्या टाक्यात फेकून दिली. हिरवे पाणी एकदा हलले, मग पुन्हा निवांत झाले. सुभानजी तलवार उपसून कुलपाला पाठ लावून उभे राहिले.

ते किती वेळ लढले ते त्यांनाही आठवत नसे. उजवा हात कोपरापासून गेला, एवढे आठवे. तोवर देशमुखांच्या वाड्यामागच्या चोरदिंडीतून, जिचा ठाव फक्त देशमुखांच्या घराण्याला होता, सुभेदाराची माणसे आत आली होती. त्यांनी आतूनच कुऱ्हाडींनी कुलूप फोडले. लोक घराबाहेर आले, तेव्हा त्यांना महादरवाजा सताड उघडा दिसला.

मेले समजून कड्याखाली टाकलेल्या सुभानजींना मिठाच्या तांड्यातल्या लमाणांनी बैलावर घालून धवळगडाला पोचवले. ते शुद्धीवर आल्यावर कावजी त्यांच्या पायाशी बसला आणि सांगू लागला, की पलिता त्याच्या हातात होता, पण किल्लेदारांनी मनगट धरले. म्हणाले, ज्यांनी शपथ परत घेतली त्यांच्या धुराला धूर नाही. सुभानजी म्हणाले, किल्लेदारांचे चुकले नाही. त्यानंतर कावजी त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवू शकला नाही.

वर्षे गेली. सुभेदाराने काजळगडाचा महादरवाजा उतरवून लाकूड तळावर नेले. नाक्यावर त्याचा अंमलदार बसला आणि हणगोजी त्याच्या हाताखाली गोण्या मोजू लागले. मीठ दुपटीने महागले. आणि गावात एक गोष्ट पक्की झाली: सरनोबताला निघायचे नव्हतेच, म्हणून गावावर सूड घ्यायला त्याने दार उघडले आणि तो जावयाकडे पळाला.

एका उन्हाळ्यात नागोजी धवळगडाला आला. केस पांढरे झाले होते. ओसरीवर बसून त्याने फडक्यातून गंजलेली किल्ली काढली. टाक्याचा गाळ काढताना सापडली होती.

गोदाऊचा चेहरा उजळला. "म्हणजे आता तरी गावाला कळले."

नागोजी फडक्याची घडी घालत राहिला. "लोक म्हणतात, दार पुन्हा लावता येऊ नये म्हणून दादाने किल्ली पाण्यात टाकली."

"आणि काका, तुम्ही काय म्हणालात? तुम्ही तर तिथेच होता."

 नागोजी तिच्याकडे न बघता म्हणाला, "मला त्याच गावात राहायचे आहे, पोरी. मावळतीला उभे राहिलेली सगळी घरे अजून तिथेच आहेत."

गोदाऊ ताडकन उठली. सुभानजींनी तिला नजरेने थांबवले आणि डाव्या हाताने किल्ली उचलली. गंजाने ती जड झाली होती, की हात हलका झाला होता, कोण जाणे. त्यांनी ती कमरेशी धरली. पण एका हाताने गाठ बसेना.

"नागोजी," ते म्हणाले, "एवढी बांधून दे."

नागोजीने गाठ मारली. सुटू नये म्हणून दुसरीही मारली.