मार्लिसनं धरलेली जागा

"सोमवारी मार्लिस जाईलच की!" तिची भावजय डेनिस म्हणाली आणि टेबलावर पसरलेल्या स्टेट पार्कच्या नकाशावर तिनं कॉफीचा मग ठेवला, जणू प्रश्नच मिटला!

तो तर कधीच मिटलेला होता... तळ्याकाठची, दोन पाइनच्या मधली ती मुक्कामाची जागा आधी राखून ठेवता येत नसे. जो आधी पोहोचेल आणि मुक्काम सोडणार नाही, त्याची. म्हणून दर उन्हाळ्यात मार्लिसनं आपला झोपण्याजोगा जुना ट्रेलर गाडीमागे ओढत सोमवारीच जायचं, डासांत नि पावसात एकटीनं जागा धरून बसायचं, आणि शुक्रवारी धाकट्या भावाची, कर्टिसची, भलीमोठी, घरासारखी मोटरहोम आली की मुकाट्यानं मागच्या रांगेत, संडासांच्या शेजारी, बिऱ्हाड हलवायचं. एका जागेवर एकच गाडी, हा पार्कचा नियम. पहिल्याच वर्षी तिनं हसत सांगून टाकलं होतं, "मला एकटंच बरं वाटतं!" ते खोटं त्या घरानं किती सुखानं खरं मानलं होतं!

"पण यंदा चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची सुट्टी आहे," मार्लिस हळूच म्हणाली. "मागची रांग भरून जाईल."

"मग शुक्रवारी तू घरी निघ ना! तुला कुठे आवडते गर्दी? आणि ब्रिटाच्या सासरची माणसं येणार, आमचा एकुलता तंबू त्यांनाच लागेल."

ब्रिटा कर्टिसची लेक. तिचं लग्न ठरल्याचं त्या शनिवारी तळ्याकाठच्या शेकोटीभोवती सगळ्यांना सांगायचं होतं... जिला तान्हेपणापासून खांद्यावर थोपटलं, तिच्या आनंदाच्या वेळी आत्यानं घरी बसायचं? मार्लिसनं कर्टिसकडे पाहिलं. एक शब्द बोल रे... एकच!

कर्टिस नकाशावर बोट फिरवत होता. "तिथं बर्फ कुठे मिळतो गं?" त्यानं विचारलं.

आई गेली तेव्हा हाच कर्टिस शाळकरी पोर होता, आणि दुःखानं त्याची वाचाच बसली होती. त्याच्यासाठी मार्लिसनं अंगठी घेऊन दारात उभ्या असलेल्या रॉजरला परत पाठवलं. रॉजर डुलुथला गेला, तिथं त्याचा संसार झाला. आणि तिनं त्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांचा ट्रेलर मागून आणला, ह्या मुक्या भावाला घेऊन ती त्या तळ्यावर गेली. ट्रेलर मागे घेताना हातानं इशारे कसे करायचे, हे तिनं त्याला तिथंच शिकवलं. दुसऱ्या संध्याकाळी तळ्यात दगड फेकताफेकता पोर बोललं, "मार्ली, उद्या पण राहू या?" तेवढ्या पाच शब्दांवर तिनं अख्खा जन्म काढला होता!

सोमवारी ती गेली. जाणारच होती. चार दिवस तिनं जागा झाडली, लाकडं कोरडी ठेवली, बटाट्याचं सॅलड केलं, आंबट रूबार्बच्या देठांच्या वड्या भाजल्या. मागच्या रांगेत मुंगी शिरायला जागा नव्हती.

शुक्रवारी मोटरहोम आली. खुर्च्या उतरल्या, शेकोटीभोवती मांडल्या गेल्या, ब्रिटाच्या सासरच्यांसाठी दोन नव्या... मार्लिसची खुर्ची कोणी मागितली नाही. ब्रिटा पाहुण्यांना घेऊन यायची होती. कर्टिसनं हात हलवून इशारे केले, "ये, ये, डावीकडे घे... झालं! निघ!" किती सफाईनं तो तिला बाहेर काढत होता! शिकवलेलं विसरला नव्हता.

फाटकापाशी, जाणारे लोक सांडपाण्याची टाकी रिकामी करतात तिथं, ती हातमोजे घालून नळी जोडत होती, तोच मागून हाका ऐकू आल्या. कर्टिस धावत येत होता. घामानं निथळलेला, धापा टाकणारा!

"मार्ली! थांब! जाऊ नकोस... परत चल!"

मार्ली! किती वर्षांनी! मार्लिसच्या हातातली नळी गळून पडली. डोळे भरून आले. आठवण झाली... अखेर ह्या पोराला माझी आठवण झाली! तिनं घाईघाईनं मोजे काढले, बाहीनं तोंड पुसलं.

"काय झालं रे राजा?"

"अगं, पार्कची रेंजर आलीय. जागेची नोंद तुझ्या नावावर आहे म्हणे. तू पार्क सोडलास की जागा पुढच्या माणसाला! इतकी वर्षं तू मागच्या रांगेत तरी असायचीस, म्हणून कधी कळलंच नाही..."

तो बोलतच होता. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला.

"खोटं बोलला असतास तरी चाललं असतं रे," मार्लिस म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "एकदाच. तुझ्यावाचून करमत नाही, एवढंच म्हणायचंस... मी विश्वास ठेवला असता. मला एकटंच बरं वाटतं, असं मी खोटं बोलले, तुम्ही विश्वास ठेवलातच की!"

कर्टिस तिथंच, त्या घाण वासात, मटकन खाली बसला. पिकल्या केसांचा तो माणूस ओंजळीत तोंड लपवून हुंदके देऊ लागला. मार्लिसनं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. पहिल्यांदाच ठेवला नाही.

"नळी उचल," ती म्हणाली. "टाकी अजून रिकामी व्हायचीय."

त्यानं उचलली. मग तो जागेवर गेला आणि आपली मोटरहोम त्यानं स्वतः बाहेर काढली. "अरे, आपण झोपायचं कुठे?" डेनिस ओरडली. "पाहुण्यांना काय सांगू?"

"गावातल्या चर्चच्या आवारात गाडी लावून झोपू. आणि पाहुण्यांना सांग, ही जागा माझ्या बहिणीची आहे."

दोन पाइनच्या मधे उभा राहून तो हात हलवू लागला. "ये, मार्ली... अजून मागे... अजून... बस्स!" एवढ्या वर्षांत त्यानं तिला आत घेतलं ते आज. तिच्या ट्रेलरमधून त्यानंच तिची खुर्ची काढली आणि शेकोटीशी ठेवली. किल्ल्या घेऊन निघताना तो घुटमळला.

"मार्ली... उद्या पण राहू या?"

हे जागेसाठी की तिच्यासाठी? तिनं विचारलं नाही. आता कधीच कळणार नव्हतं. ती आपल्या खुर्चीत बसली आणि तळ्याकडे पाहत म्हणाली, "राहू की. जागा माझ्या नावावर आहे तोवर."