तिसऱ्यांदा आलेला डाग

मी घरोघरी जाऊन गालिचे साफ करते. हे सांगितलं की लोकांना वाटतं, बादल्याच्या बादल्या पाणी ओतत असेन. तसं नाही. आमच्या पद्धतीत पाणी अगदी थोडं. फेस मारायचा, यंत्राच्या गोल ब्रशने घासायचं, मळ कापडाने टिपून घ्यायचा. तासाभरात गालिचा वाळतो.

त्या दुपारी मी एका आजींकडे तिसऱ्यांदा निघाले होते. डाग एकच. आजोबांच्या खुर्चीसमोरचा, बशीएवढा, चहाचा. दोनदा मी तो काढला. दोन्ही वेळा निघताना गालिचा लख्ख होता, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या सकाळी आजींचा फोन, "आला हो परत."

आजोबांना जाऊन वर्ष झालं होतं.

दार उघडताच आजींनी माझा हात धरला. "आज काहीही करा, पण हा घालवा. पाच वाजता लेक येतेय. तिला वाटतं, माझे हात थरथरतात, चहा मीच सांडते आणि नाव ह्यांचं घेते. डाग दिसला तर बॅग भरायची आणि तिच्याकडे राहायला जायचं, असं बजावलंय तिने. मला माझं घर सोडायचं नाही हो."

"आजी, इथे कुणी येत नाही," मी समजावलं. "चहा पार खालपर्यंत मुरलाय. मी वरचं काढते, खालचं तसंच राहतं. वरून वाळायला लागलं की खालचा ओलावा वर चढतो, वातीतून तेल चढतं ना, तसा. येताना डागही घेऊन येतो. चूक माझीच. मी वाट न बघता निघून गेले."

मी गुडघ्यावर बसून डागावर बोट टेकवलं. चिकट लागलं. "हे बघा, साखर. ही नीट निघाली नाही तर तिच्यावर पुन्हा धूळ बसते."

"साखर?" आजी ताठ झाल्या. "या घरात बारा वर्षांत साखर आलेली नाही. मधुमेह होता ह्यांना." मग रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे बाहेर कुठेतरी हादडताय तर!"

"आजी, आता त्यांना काय होणार आहे?"

"पथ्य ते पथ्य."

मी कामाला लागले. फेस अगदी बेताचा. मग साध्या पाण्याचा हलका फवारा, म्हणजे साबणही मागे राहायला नको आणि साखरही. घासलं नाही, नुसतं दाबून दाबून टिपलं. पंखा मोठा केला. शेवटी पांढऱ्या सुती टॉवेलची जाड घडी डागाच्या जागेवर ठेवली. वर चढणारा ओलावा गालिच्यात न थांबता टॉवेलात यावा, हीच सगळी युक्ती. फक्त त्यावर वजन हवं.

"काहीतरी जड द्या, आजी."

आजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हीच बसा की. छान भरलंय वजन."

बसले. लाज गुंडाळून ठेवायची तर अशा वेळी. आजी भाजी निवडायला आत गेल्या. माझी पाठ खुर्चीकडे होती. ऊन नको म्हणून पडदे ओढलेले, खोलीत मातकट उजेड. घड्याळात चार वाजले आणि वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. इतकं शांत झालं की माझाच श्वास मला मोठा वाटायला लागला.

मग वास आला. ताज्या, उकळलेल्या चहाचा.

आणि पाठीमागे... सुर्रर्र.

"आजी," मी हळूच हाक मारली, "तुम्ही चहा पिताय का?"

"नाही बाई. मेथी संपत नाहीये अजून."

सुर्रर्र.

"आजी... जरा बाहेर येता?"

उठून पळावं, असं पायांना फार वाटत होतं. पण वजन हललं असतं तर डाग चौथ्यांदा आला असता, आणि आजींची बॅग भरली गेली असती. मी डोळे मिटून, होतं नव्हतं ते सगळं वजन खाली घालून बसून राहिले.

आजी आल्या. माझा चेहरा पाहिला, मग माझ्या डोक्यावरून मागे पाहिलं. कमरेवर हात ठेवला.

"ऐका हो," त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "पाचला ती येतेय. डाग दिसला तर मला घेऊन जाईल. मग बसा इथे एकटे. कुणी ओरडायलासुद्धा नसेल... चालेल?"

मग खुर्चीच्या लाकडी हातावर कप ठेवल्यासारखं, टक्. खुर्ची एकदा करकरली. वीज आली.

पावणेपाचला मी उठले. टॉवेलाची घडी पार आतपर्यंत तपकिरी झाली होती. खाली गालिचा कोरडा, नव्यासारखा.

लेक आली ती थेट त्या जागेवर गेली. वाकून हात फिरवला, बोटांचा वास घेतला. "गेला," म्हणाली. आजींनी पदराने डोळे पुसले. "आता तरी राहू देशील ना मला इथे?"

"रहा," लेक म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला. माझ्या मनात आलं, आईची एवढी काळजी मिटली तर हसायला काय हरकत आहे हिला?

यंत्र खाली न्यायला ती माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आली. दार लोटून घेतलं.

"ताई, आईला मी माझ्याकडे का बोलावत होते, सांगू? तिच्यासाठी नाही... मला एकटीला भीती वाटते. पंधरा दिवस झाले, माझ्याकडेही रोज असाच चहाचा एक डाग येतो. पुसला तरी येतो. तुमचा तो टॉवेल चालेल का?"

"चालेल की," मी म्हटलं. "गालिचा जाड आहे का पातळ?"

"गालिचा नाहीच," ती म्हणाली. "छतावर येतो."